बदली

मी कधी फुटबॉलवर लिहीन असं कुणी पंधरा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर मी हसले असते. आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट, आणि तेही रेडिओवर. शाळेत लंगडी, खो-खो, कबड्डी. फुटबॉल कपाटात एक असायचा, त्यातली हवा कायम गेलेली. पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. त्यात फुटबॉलचा संबंध आलाच तर एखादा मुलगा वर्गात बाकाखाली डबा लाथेने सरकवायचा तेवढाच!

पण लेक मडगावला दिली, आणि नातू झाला तो फुटबॉलवेडा. गोव्यात त्याला इलाज नाही. भात कापून झालं की रिकाम्या मळ्यात बांबूचे दोन खांब उभे राहतात आणि संध्याकाळ झाली की गावातली पोरं तिथे. दर हिवाळ्यात मी महिनाभर लेकीकडे जाते. सकाळी गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला मडगावात. तर तिथे गेल्यावर संध्याकाळी माझी बसायची जागा म्हणजे मळ्याच्या बांधावरची प्लास्टिकची खुर्ची.

नातू बचावात खेळतो. सेंटर बॅक म्हणतात त्याला. पहिल्यांदा मला वाईटच वाटलं होतं. म्हटलं, एवढा उंच मुलगा, याला पुढे का नाही ठेवत? गोल दुसऱ्यांनी मारायचे आणि याने मागे उभं राहून बघायचं, हा कसला खेळ!

2023 च्या डिसेंबरात तो मला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर घेऊन गेला. एफसी गोवाचा सामना होता. सगळीकडे नारिंगी सदरे. ढोल, शिट्ट्या, माझे कान बधिर झाले. मी आपली चेंडू कुठे जातो ते बघत होते आणि दर वेळी माझी नजर पोचेपर्यंत चेंडू तिसरीकडेच गेलेला असायचा. नातू म्हणाला, "आज्जी, बॉल सोड. दहा मिनिटं फक्त त्या माणसाकडे बघ."

तो माणूस म्हणजे संदेश झिंगन. उंचापुरा, दाढीवाला. मग मी दहा मिनिटं त्याच्याकडेच बघितलं, आणि खरं सांगते, मला तो खेळ तिथे कळला. चेंडू पार पलीकडे असतानाही हा माणूस एक क्षण उभा नाही. दोन पावलं पुढे, तीन मागे, मान वळवून पाठीमागे कोण आहे ते बघायचं, डावीकडच्याला ओरडायचं, उजवीकडच्याला हाताने खूण करायची. समोरचा खेळाडू पळायला लागण्याआधीच हा त्याच्या वाटेवर जाऊन उभा. त्यामुळे चेंडू तिकडे येतच नाही, आणि चेंडू आला नाही म्हणून लोकांना वाटतं, याने काही केलंच नाही.

वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय ते फळ्याकडे तोंड करून ओळखणाऱ्या बाईला हे लगेच समजलं. मुलं दंगा करत नाहीत तेव्हा बाईंनी काय केलं, हे कोण विचारतं? दंगा झाला की मात्र मुख्याध्यापक दारात.

घरी येताना नाव मनात घोळत होतं. आणि एकदम आठवलं. मी नातवाला म्हटलं, "हा तोच ना रे? बायकांबरोबर मॅच खेळलो म्हणाला होता तो?"

नातू गप्प झाला. मग म्हणाला, "हो. पण तेवढंच नाही तो."

आणि त्या रात्री जेवताना, आणि त्यानंतर कितीतरी रात्री, त्याने मला झिंगनची सगळी कहाणी सांगितली. मग मीही वर्तमानपत्रं आणि नेटवर वाचत गेले. शिक्षकी स्वभाव, टिपणं काढल्याशिवाय समाधान होत नाही!

झिंगन 1993 साली चंदीगडला जन्मला. फुटबॉल शिकला सेंट स्टीफन्स शाळेच्या अकादमीत. धंदेवाईक खेळाला सुरुवात झाली ती बायचुंग भुतियाच्या युनायटेड सिक्कीम क्लबकडून. नाव झालं ते 2014 मध्ये. त्या वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि तो केरळा ब्लास्टर्समध्ये गेला. या संघाच्या मालकांत तेव्हा आपला सचिन तेंडुलकर होता. पहिल्याच हंगामात लीगचा उदयोन्मुख खेळाडू म्हणून झिंगनला बक्षीस मिळालं आणि पुढच्या मार्चमध्ये तो भारताच्या संघात आला.

त्या काळी ही लीग जेमतेम तीन महिने चालायची. उरलेल्या वर्षात खेळाडू आय-लीगमधल्या दुसऱ्या क्लबांत उसने जायचे. "उसने" हा शब्द मला फार आवडला. आमच्याकडे साखर उसनी आणतात, तिकडे माणूस! तसा तो गोव्याच्या स्पोर्टिंग क्लबकडे उसना आला होता, पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सकडेही जाऊन आला. पण घर म्हणजे केरळ. सहा वर्षं. पुढे कर्णधार झाला. कोचीचं स्टेडियम पिवळंधमक भरायचं, आणि या पंजाबी मुलाला मल्याळी लोकांनी आपला मानला होता.

2019 च्या सप्टेंबरात भारत दोह्याला कतारविरुद्ध खेळला. कतार तेव्हा आशियाचा विजेता, आणि आपला सुनील छेत्री तापाने आजारी. सगळ्यांना वाटलं, आता किती गोल खातात ते मोजायचं. सामना 0-0 सुटला. गोलरक्षक गुरप्रीत भिंतीसारखा उभा होता, आणि त्याच्या पुढच्या चौघांत मुंबईचा राहुल भेके, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई, आणि मधोमध झिंगन. आमच्या नातवाला तो सामना तोंडपाठ आहे. आपल्याकडे एकही गोल न होता एखादा सामना असा वर्षानुवर्षं आठवतात, हे मला नवीन होतं.

पुढच्याच महिन्यात एका सरावाच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया, आणि अख्खा हंगाम वाया. (माझ्या दोन्ही गुडघ्यांची कथा मी इथे सांगत नाही. नातेवाइकांना ती पाठ आहे.) आणि 2020 च्या मे महिन्यात, अजून मैदानावर परत उभा राहायच्या आत, त्याची आणि केरळची फारकत झाली. क्लबने निरोप देताना जाहीर केलं की त्याचा 21 नंबर यापुढे कुणाला देणार नाही.

हे वाचून मी थोडा वेळ थांबले. आमच्याकडे निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देतात. माणसाचा नंबरच कायमचा बाजूला काढून ठेवायचा, म्हणजे केवढं प्रेम!

त्यानंतर तो कोलकात्याला गेला, एटीके मोहन बागानकडे. तोच कोलकाता, ज्याच्या संघाने 2014 च्या अंतिम सामन्यात नवी मुंबईत, आणि 2016 च्या अंतिम सामन्यात कोचीत केरळला हरवलं होतं. त्या वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि 2021 मध्ये भारताचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली. मग ऑगस्ट 2021 मध्ये तो थेट क्रोएशियाला गेला, समुद्राकाठच्या शिबेनिक गावच्या क्लबात. केवढी मोठी उडी. पण तिथे पोचल्या पोचल्या दुखापत झाली आणि एकही सामना न खेळता जानेवारी 2022 मध्ये तो परत कोलकात्याच्या संघात आला.

आणि मग फेब्रुवारी. करोनामुळे सगळी लीग गोव्यातच खेळवली जात होती. 19 तारखेला वास्कोच्या टिळक मैदानावर त्याच्या संघाची गाठ पडली जुन्या केरळा ब्लास्टर्सशी. सामना 2-2 सुटला. शेवटच्या क्षणी याच्या संघाने बरोबरी केली. मैदानातून आत जाताना तो जे बोलून गेला ते कॅमेऱ्यात सापडलं. आपण बायकांबरोबर सामना खेळून आलो, अशा अर्थाचं.

तेव्हा मी पेपरात वाचलं होतं आणि माझा संताप झाला होता. माझ्या पहिल्या शाळेतल्या मुली कबड्डीत जिल्ह्यापर्यंत गेल्या होत्या, अनवाणी. आणि भारताच्या मुली 1980 साली त्याच केरळात, कोझिकोडला, आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या होत्या, 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा. तेव्हा "बायकांबरोबर खेळलो" ही शिवी कशी काय होते बुवा?

केरळचे लोकही भडकले. जो नंबर त्याच्यासाठी राखून ठेवला होता तो परत वापरात आणा, अशी मागणी झाली. त्याच्या घरच्यांनाही लोक नाही नाही ते बोलले. त्याने आधी स्पष्टीकरण दिलं. ते कुणाला पटलं नाही. मग सरळ माफी मागितली. सगळं दोन-तीन दिवसांत.

त्यानंतर तो बंगळूरूकडे गेला. 2022 मध्ये ड्युरँड कप जिंकला. आणि 18 मार्च 2023 ला फातोर्ड्याला लीगचा अंतिम सामना, समोर कोण, तर त्याचाच जुना कोलकात्याचा संघ. पेनल्टीवर हार. त्याच मैदानावर 2021 मध्ये त्याच कोलकात्याकडून खेळताना तो मुंबई सिटीपुढे अंतिम सामना हरला होता. चार वेळा अंतिम सामना, चारही वेळा हार, त्यातल्या दोन फातोर्ड्याला. आणि त्यानंतर चारच महिन्यांत त्याने नवा क्लब निवडला तो एफसी गोवा. म्हणजे जिथे दोनदा रडला तेच मैदान घरचं केलं! मला याचं कौतुक वाटलं. मी असते तर त्या रस्त्याने गेलेही नसते.

पुढे जानेवारी 2024 मध्ये आशियाई स्पर्धेत सीरियाविरुद्ध पुन्हा जायबंदी झाला. गोव्याने 2025 च्या मे महिन्यात भुवनेश्वरला सुपर कप जिंकला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात फातोर्ड्याला पुन्हा. त्या रात्री नातवाच्या घरी कुणी झोपलं नाही.

असो. हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे?

तर झालं असं. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा नातू मळ्यावर जात नव्हता. संध्याकाळी खोलीत. लेकीने सांगितलं, एका मोठ्या क्लबच्या मुलांच्या संघात त्याची निवड झाली आहे. तिथे रोज सराव, त्यामुळे गावच्या टीममधून खेळता येणार नाही. गावची स्पर्धा पंधरा दिवसांवर. ही पोरं आठव्या वर्षापासून एकत्र खेळतात. त्यांनी याला त्यांच्या फोनवरच्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं. एकाने लिहिलं होतं, जा, तुला आता आम्ही कशाला लागतो.

रात्री तो माझ्या खोलीत आला. "आज्जी, जाऊ का मी?"

मी म्हटलं, जायचं असेल तर जा. तुझा झिंगन किती वेळा गेला. जाणं हे पाप नाही. फक्त तिकडे गेल्यावर इकडच्यांना नावं ठेवू नकोस. नव्या ठिकाणी माणसाला असं वाटतं की जुन्याला हसलं की आपण लवकर इथले होऊ.

आता पंधरा वर्षांचा मुलगा, हुशार. म्हणाला, "तू ठेवली होतीस का?"

मी दिवा मालवून झोप म्हणू शकले असते. पण नाही म्हटलं.

माझी पहिली शाळा कुडाळपासून बरीच आत होती. 1976 ते 1987. एसटी दिवसातून दोनदा, पावसाळ्यात ओहोळाला पाणी आलं की तीही नाही. अकरा वर्षं तिथे काढली. माझी लेक त्या गावात चालायला शिकली. मग तिच्या शिक्षणाचा विचार आला, यजमानांची नोकरी तालुक्याला होती, मी अर्ज केला आणि आमच्याच संस्थेच्या तालुक्याच्या शाळेत बदली मिळाली. निरोपाच्या दिवशी मुली रडल्या, मीही रडले. एका आईने फणसाच्या गऱ्यांची पिशवी एसटीत चढवून दिली. मोठ्या शाळेत जाताय, आम्हाला विसरू नका, म्हणाली.

नव्या शाळेत मी म्हणजे खेड्यातून आलेली बाई. शिक्षकांच्या खोलीत पहिले काही महिने मला कुणी फारसं विचारायचं नाही. एकदा चहाच्या वेळी निकालांचा विषय निघाला. कुणीतरी विचारलं, तुमच्या तिकडचे निकाल कसे हो? आणि मी हसत म्हणाले, "तिकडे अकरा वर्षं दगडांना शिकवत होते, माणसं इथे भेटली." सगळे मोठ्याने हसले. त्या दिवसापासून मला चहाला बोलवायला लागले.

ते वाक्य त्या खोलीत राहिलं नाही. कोकणात काही राहत नाही. कुणाचा तरी कुणीतरी त्या गावचा होता.

मार्च 1988 मध्ये दहावीचं केंद्र आमच्या शाळेत होतं. माझ्या वर्गात पर्यवेक्षणाला गेले तर तिसऱ्या बाकावर माझी जुनी विद्यार्थिनी. कबड्डीच्या संघातली. निबंध फार सुंदर लिहायची. मी आनंदाने जवळ गेले, उत्तरपत्रिका ठेवली. तिने वर बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, आमी दगड मां?"

तेवढ्यात घंटा झाली. मी प्रश्नपत्रिका वाटायला घेतल्या. तीन तास मी त्या वर्गात येरझाऱ्या घातल्या आणि तिच्या बाकापाशी आले की खिडकीबाहेर बघितलं. पेपर संपल्यावर मी उत्तरपत्रिका मोजत बसले. एरवी दोन मिनिटांत मोजते, त्या दिवशी तीनदा मोजल्या. वर बघितलं तेव्हा वर्ग रिकामा होता.

नातवाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग सॉरी म्हटलंस तिला?"

"नाही."

"झिंगनने तरी म्हटलं," तो म्हणाला. टोचून नाही, नुसतंच म्हणाला. आणि झोपायला गेला.

मला झोप लागली नाही. त्या माणसाच्या एका वाक्यावरून मी त्याला ओळखत होते, आणि त्याच रागाने त्याच्याकडे बघत होते. त्याचं वाक्य सगळ्या देशाने ऐकलं, माझं एका गावाने. त्याने तिसऱ्या दिवशी माफी मागितली. माझी तर तीस वर्षं उलटून गेली होती. पुढे मुख्याध्यापक झाले, शिक्षकदिनाला भाषणं केली, मुलांना चुकलं तर कबूल करा म्हणून शिकवलं. आणि स्वतः उत्तरपत्रिका मोजत बसले होते.

कोकणात काही राहत नाही, तसं काही हरवतही नाही. गावी परत आल्यावर चार फोन केले आणि तिचा नंबर मिळाला. ती आता स्वतःच आजी आहे. मी नाव सांगितलं. तिने लगेच ओळखलं. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, "तुला ती दहावीची परीक्षा आठवते का गं?"

मनात आशा होती, विसरली असेल. म्हणजे सुटले असते.

"आठवता तर," ती म्हणाली. "घराक जावन रडलंय. पण पेपर बरो गेलो होतो."

मी माफी मागितली. जेवढ्या सरळ शब्दांत जमेल तेवढ्या. कारणं दिली नाहीत. मोठ्या शाळेत एकटी पडले होते वगैरे सांगायचं ठरवून ठेवलं होतं, पण ते स्पष्टीकरण झालं असतं, माफी नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. फोन कट झाला की काय असं वाटलं. मग म्हणाली, "बाई, जेवक कधी येतास?"

तिने माफ केलं का, ते मला नक्की ठाऊक नाही. पण जेवायला बोलावलं आहे, आणि मी जाणार आहे. ओहोळावर आता पूल झाला आहे म्हणे.

नातू नव्या क्लबात गेला. जायच्या आधी गावच्या स्पर्धेच्या दिवशी मळ्यावर जाऊन बांधावर उभा राहिला. खेळायला नाही, नुसता बघायला. पहिला अर्धा वेळ त्याच्याशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या अर्ध्यात गावच्या टीमने मागे मोकळी जागा सोडली तेव्हा याला राहवेना, बांधावरून ओरडला, "डावीकडे बघ, डावीकडे!" त्याच्या जागी खेळणाऱ्या मुलाने वळून बघितलं, आणि डावीकडे सरकला.

सामना ते हरलेच. पण संध्याकाळी सगळी पोरं आमच्या अंगणात होती, आणि लेकीच्या घरातले सगळे लाडू संपले.